आधी परत आणून दाखवा

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, आपल्या संस्थापकांच्या पत्नी आणि आम्हा सगळ्यांच्या माई. व्यासपीठावरचे आपले संचालक, माईंचे चिरंजीव, म्हणजे साहेब. संगणक विभागाच्या आज निवृत्त होणाऱ्या प्रमुख आणि सत्कारमूर्ती, ज्यांना गेटवरच्या पहारेकऱ्यापासून सगळे ‘सर्व्हरताई’ म्हणतात त्या आमच्या ताई. त्यांच्या शेजारी जरा अवघडून बसलेले त्यांचे यजमान. आणि भाषणं आधी की चहा आधी या चिंतेत असलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी दुरुस्ती विभाग सांभाळते. माझी सवय बिघडलेल्या यंत्रापुढे उकिडवं बसण्याची. माईकपुढे उभं राहण्याची नाही. पण साहेब म्हणाले, ‘ताईंच्या त्या सगळ्या खटाटोपात पहिल्यापासून तुम्हीच त्यांच्या सोबत होतात, तेव्हा तुम्हीच बोला.’ त्यांचा शब्द मोडवेना.

पाहुण्यांमध्ये ताईंच्या घरची मंडळी आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. आपण औषधाच्या गोळ्या मोजून बाटलीत भरणारी यंत्रं बनवतो. गोळ्या वरच्या नरसाळ्यात पडतात, खाली पट्ट्यावरून बाटल्या सरकत येतात. ऐकायला सोपं आहे ना? एकदा असंच एक नवंकोरं यंत्र घेऊन मी आणि माझा मेकॅनिक एका मोठ्या ग्राहकाकडे गेलो. जोडलं, बटण दाबलं. नरसाळ्याचं तोंड पट्ट्याच्या हातभर वर! गोळ्या बाटलीत पडायच्या सोडून खाली वाकलेल्या माझ्या डोक्यावर पडल्या. ग्राहकाचे मॅनेजर हसले नाहीत. म्हणाले, ‘बाई, एक संधी देतो. पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरीकडे जाऊ.’

परत आले ती तडक साहेबांच्या खोलीत. चौकशी झाली. यंत्र जुन्या ड्रॉइंगवरून बनलं होतं. आणि नवं ड्रॉइंग कुठं होतं? सगळ्यांकडे होतं हो! रचना विभागाकडे ‘अंतिम’, खरेदीकडे ‘अंतिम नवीन’, जोडणी विभागाकडे ‘हेच वापरा’. जो तो आपलं खरं म्हणून हटून बसलेला. साहेबांनी ताईंना बोलावलं आणि सांगितलं, ‘सगळ्यांची ड्रॉइंगं, पत्रव्यवहार, चर्चा, सगळं एका सर्व्हरवर आणा. एक जागा, एक प्रत. काय लागेल ते मागवा.’

आम्हाला वाटलं, आता मोठमोठी खोकी येणार. खोकी काही येईनात. ताई मात्र रोज एकेका विभागात स्टूल ओढून बसायला लागल्या. ‘तुमचं काम कुठं अडतं? कोणाला विचारता? तो जागेवर नसला तर काय करता?’ उत्तरं ऐकायच्या आणि पुढच्या टेबलाकडे जायच्या. साहेब अस्वस्थ. एकदा माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, ‘ताई, मशीन कधी येणार?’

ताई म्हणाल्या, ‘मशीन काय, टेम्पोत बसून येतं. आधी माणसं कळू देत.’

माणसं कळली, आणि मग सुरू झालं कुलपांचं प्रकरण. कोणी कोणाचं काय बघायचं, हे ठरवायला बैठक भरली. काय सांगू तुम्हाला! खरेदीवाले म्हणाले, आमचं रचनावाल्यांनी बघायचं नाही. रचनावाले म्हणाले, आमचं कच्चं काम कोणालाच दाखवायचं नाही. मीही मागे नव्हते, मीही एक कुलूप मागून घेतलं. ताई सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘झोपायच्या खोलीला कडी लावा, माझी ना नाही. पण स्वयंपाकघरालाच कुलूप लावलंत तर घर जेवणार कसं?’ त्यावर बरीच कुलपं निघाली. काही राहिली. त्यातलं सगळ्यात भक्कम कुलूप माईंच्या फोल्डरला होतं. ते काढा म्हणायची कोणाची प्राज्ञा?

मग यंत्रं आली. एक सर्व्हर मुख्य इमारतीत बसला. दुसरा मागच्या गोदामाशेजारी. पहिल्यावरचं सगळं रोज दुसऱ्यावर उतरायचं, म्हणजे एक मेला तरी दुसरा आहे. उद्‌घाटनाची तारीख ठरली, निमंत्रणं गेली, आमचे ते रुसलेले ग्राहकही येणार होते. आणि ताईंनी बैठकीत हळूच एक काडी टाकली. ‘उद्‌घाटनाआधी मला एक गोष्ट सगळ्यांसमोर पुसायची आहे, आणि दुसऱ्या सर्व्हरवरून परत आणून दाखवायची आहे. परत आणून बघितल्याशिवाय तो बॅकअप नव्हे, ती नुसती समजूत. बोला, कोणाचं पुसू?’

मंडळी, त्या खोलीला दोनच खिडक्या आहेत, आणि त्या क्षणी सगळे विभागप्रमुख त्यांतून बाहेर बघत होते.

तेवढ्यात माई बोलल्या. माई, तुमच्यासमोर तुमची गोष्ट सांगतेय, पण सकाळी परवानगी घेतली आहे. माई म्हणाल्या, ‘यांचं पुसा.’

‘यांचं’ म्हणजे आपल्या संस्थापकांचं, मोठ्या साहेबांचं. पहिलं यंत्र कसं चालतं हे त्यांनी कामगारांना समजावून सांगितलं होतं, तेव्हा आपले जोडणीचे फोरमन, उस्ताद, नवीनच होते. पुन्हा पुन्हा विचारायला नको म्हणून उस्तादांनी ते छोट्या टेपवर उतरवून घेतलं. पुढे ते संगणकावर आलं, मूळ टेपला बुरशी लागली. नवीन माणूस कामावर आला की आजही आपण त्याला तो आवाज ऐकवतो. मोठे साहेब गेल्यानंतर त्यांचा आवाज म्हणून एवढंच उरलंय.

ताई उभ्याच राहिल्या. ‘माई, ते नको. दुसरं काहीही सांगा.’

‘परत येतं म्हणतेस ना?’

‘येतं.’

‘मग पूस. माझं परत आलेलं दिसलं तर ही मंडळी आपापलं द्यायला तयार होतील.’

ताईंनी पुसलं. मग दुसऱ्या सर्व्हरवरून मागवलं. पडद्यावरची पट्टी सरकली, फाइलचं नाव उमटलं, आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले. ताईंनी आवाज लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. नाव आलं होतं, आत आवाज नव्हता. फाइल रिकामी! कारण तो आवाज माईंच्या फोल्डरमध्ये होता, आणि त्याला तेच कुलूप. ते इतकं भक्कम होतं की रोज प्रत उतरवणाऱ्या यंत्रणेलाही आत शिरता आलं नव्हतं. तिनं बाहेरून नाव वाचलं आणि पुढे गेली.

ताईंचा चेहरा पांढराफटक. माईंकडे बघायची कोणाची हिंमत होईना. आणि मग साहेबांनी घसा खाकरला. खाली बघत म्हणाले, ‘म्हणजे... माझ्या खिशात एक प्रत आहे. पेनड्राइव्हवर.’

ताईंनी सुस्कारा सोडला. ‘माझ्याकडेही आहे, ड्रॉवरमध्ये. माईंची वस्तू, मी अशी कशी पुसेन?’

मी म्हटलं, माझ्या लॅपटॉपवर आहे. नवीन मेकॅनिकला ऐकवायला लागते ना!

सगळे माईंकडे वळलो. माईंनी शांतपणे पर्स उघडली, मोबाइल काढला आणि टेबलावर ठेवला. म्हणाल्या, ‘मी काय वेडी आहे होय?’

आम्ही इतके हसलो, इतके हसलो, की बाहेरून लोक बघायला आले. त्यांत उस्तादही होते. झाला प्रकार कळल्यावर दारातूनच म्हणाले, ‘माझ्याकडेही आहे. पण माझी जरा लांब आहे.’ टेपला बुरशी लागायच्या आधीच त्यांनी घरी सगळं उतरवून घेतलं होतं. ऑफिसच्या प्रतीतून शेवटचा तुकडा कोणीतरी कापला होता, कारण त्यात यंत्राची माहिती नव्हती. उस्तादांना वाटायचं, सगळ्यांकडे तो असणारच.

त्यांनी लावलं. ओळखीचं बोलणं संपलं, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मोठे साहेब म्हणाले, ‘आणि हे बघा, नरसाळं तिरकं ठेवायची अक्कल माझी नाही. घरी आमची ही, बरणी तिरकी धरून साखर ओतत होती, एक दाणा बाहेर सांडला नाही. ते बघून सुचलं. पण तिला इथं बोलावू नका, माझ्या खुर्चीत बसेल!’ आणि ते खळखळून हसले.

माई, ज्या त्यांच्याच खुर्चीत बसल्या होत्या, हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘घरी नेहमी म्हणायचे. चारचौघांत म्हटलेलं आज ऐकलं.’ मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘पुन्हा लाव रे.’

आम्ही सगळे खुशीत. एकट्या ताई नव्हत्या. म्हणाल्या, ‘आज सगळ्यांच्या खिशांनी वाचवलं. सर्व्हरनं नाही वाचवलं. साहेब, उद्‌घाटन पुढे ढकला.’

‘अहो, निमंत्रणं गेली! पाहुण्यांना काय सांगू?’

‘काम झालेलं नाही म्हणून सांगा.’

साहेबांनी तसंच सांगितलं, फोन करून, एकेकाला. आणि गंमत बघा, ते रुसलेले मॅनेजर फोनवर म्हणाले, ‘झालं नाही असं तुमच्याकडून पहिल्यांदाच ऐकतोय. बरं वाटलं. मी येईन, तुम्ही म्हणाल तेव्हा.’

ताईंनी एकेक कुलूप पुन्हा तपासलं. मग परत पुसापुशी झाली, आणि या वेळी खिडकीबाहेर कोणी बघेना. ‘आमचं पुसा, आमचं पुसा’ म्हणून रांग! सगळं परत आलं, आवाजासकट. ‘एक जागा, एक प्रत’ म्हणत खिशांतल्या आणि पर्समधल्या प्रती ताईंनी गोळा केल्या. उद्‌घाटनाच्या दिवशी काय झालं? काहीच झालं नाही. पाहुणे आले, सर्व्हर चालला, पाहुणे गेले. संगणकाच्या कामात याहून मोठं यश नसतं, हे मला ताईंनी नंतर समजावलं.

आज माझा मेकॅनिक ग्राहकाकडे अडला तर तिथूनच सर्व्हरवर प्रश्न टाकतो, आणि त्याच्या हातातला चहा संपायच्या आत जोडणीतून उत्तर येतं. ते मॅनेजर आता दुसरीकडे जायची भाषा करत नाहीत. उलट परवा मलाच विचारत होते, ‘तुमच्या त्या ताई आमच्याकडे येतील का?’ मी म्हटलं, नाही. त्या आता यजमानांबरोबर डोंगर चढणार आहेत. यजमान मान हलवतायत, पण त्यांच्या गुडघ्यांचं मत वेगळं दिसतंय.

काल दुपारी मी ताईंच्या खोलीत डोकावले. त्या आणि त्यांच्या जागी येणारी आपली नवी प्रमुख, दोघी पडद्यासमोर होत्या. ताई स्वतःचं खातं स्वतःच बंद करत होत्या. नवी प्रमुख रडवेली होऊन म्हणाली, ‘ताई, एवढं राहू द्या ना. कधी लागलं तर?’

ताईंनी बटण दाबलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ‘लागलं तर फोन कर. त्याला कुठं पासवर्ड लागतो?’

ताई, आम्ही फोन करू. कामासाठी करू, आणि काम नसलं तरी करू.

माईंनी स्वतःची गोष्ट सांगू दिली, साहेबांनी आपली फजिती हसून ऐकून घेतली, आणि तुम्ही सगळ्यांनी चहा थंड होऊ दिला, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचं श्रेय राहून गेलं असेल, कोणाला उगाच चिमटा बसला असेल, तर तो दुरुस्ती विभागाचा हात समजून पोटात घाला, आणि आता चहाकडे चला. नमस्कार.