पहिल्याची वायर काढताना

नाही नाही ताई, उठू नका, आत जायचं नाही — मी जात नाहीये ना, मग तुम्ही कशाला? बसा. तुमच्या ब्युरोचा माणूस आहे, नीट भरवेल तो हिला, खात्री आहे मला. खात्री कसली, डोंबलाची — पण बसा. आणि हळू बोलू, माझा आवाज आत गेला तर सगळंच मुसळ केरात. हो, शर्ट माझाच घातलाय त्याने, मीच दिला. निळ्या चौकटीचा, खिशाला शाई लागलेला. हसा, हसा, शेजारीणही हसली. पण हिला आता चेहरे ओळखू येत नाहीत, शर्ट ओळखू येतो. त्या बिचाऱ्याने काही न विचारता बटणं लावली. चांगला माणूस आहे. चांगलाच आहे, तीच तर पंचाईत आहे.

मघाशी विचारलंत ना, काम काय करता? सर्व्हर. म्हणजे असं बघा, अँब्युलन्ससाठी फोन करतो आपण, तो ज्या केंद्रात जातो तिथली यंत्रं — ती बंद पडून चालत नाहीत. कुठली घ्यायची, किती घ्यायची, कशी जोडायची, हे ठरवायचं माझ्याकडे. लोकांना वाटतं, चांगलं भारीतलं यंत्र आणलं की झालं. छे. ते बंद पडणारच असं धरून चालायचं — पंखा जाईल, डिस्क जाईल, वीज जाईल — आमचा धंदाच सगळा अशुभ बोलण्याचा. म्हणून प्रत्येकाला जोड द्यायची. दोन डिस्का, दोन वीजपुरवठे, दोन यंत्रं. आणि तरी माणूस चुकतो कुठे, सांगू? दोन पुरवठे घेतो आणि दोन्हीच्या वायरी एकाच बोर्डात खुपसतो. बोर्ड गेला की दोन्ही आडवे. मी जन्मभर टेबलांखाली वाकून हेच शोधत आलो, लोकांना झापत आलो, आणि घरी काय केलं? तुमच्या आधी हिला सांभाळायला दोन बायका ठेवल्या होत्या, एकीला अडचण आली तर दुसरी असावी म्हणून. दोघी सख्ख्या बहिणी. त्यांची आई जिन्यावरून पडली, दोघी एकाच बसने गेल्या. ही पूर्वीची असती ना, तर पोट धरून हसली असती. अहो, म्हणाली असती, दोघींची वायर एकाच बोर्डात की. भूगोल शिकवायची शाळेत, पण माझं काम तिला माझ्यापेक्षा बरं समजावून सांगता यायचं.

तर दुसरं यंत्र. ते नुसतं कपाटात ठेवून उपयोग नसतो. चालू हवं, शेजारी हवं, पहिल्याला जे जे माहीत ते सगळं त्याला माहीत हवं. आणि पहिलं त्याला सारखं कळवत राहतं — आहे, आहे, आहे. ठोका म्हणतो आम्ही त्याला. ठोका थांबला की दुसऱ्याने काम उचलायचं, फोन करणाऱ्याला पत्ताही लागता कामा नये. आता आमच्याकडे बघा. ही आत असते, मी इथे. मधूनच म्हणते, ‘अहो.’ काही नको असतं तिला. मी म्हणायचं, ‘आहे.’ की झाली गप्प. थोड्या वेळाने पुन्हा ‘अहो’, पुन्हा ‘आहे’. दिवसभर. माझं नाव तिने कधी घेतलंच नव्हतं, त्यामुळे ते विसरायचा प्रश्नच आला नाही. बाकी सगळं गेलं, एवढं ‘अहो’ तेवढं राहिलं. आणि घास माझ्याच हातचा. त्या दोघी बहिणींपुढे दातसुद्धा उघडले नाहीत तिने, मी येईपर्यंत उपाशी बसायची.

म्हणून मी तुमच्या माणसाला शिकवलं. घास लहान, चमचा डावीकडून, भरवताना तिच्याकडे बघायचं नाही, खिडकीकडे बघायचं — कुणी बघत असलं की तोंड मिटते. ‘अहो’ आलं की ‘आहे’ म्हणायचं, जास्त बोलायचं नाही. सगळं उतरवलं त्याच्यात. एक राहिलं, हा माझा खोकला. काल तो भरवत होता, छान चाललं होतं, आणि मी इथून खोकलो. दूर सारला तिने चमचा. दोन्ही यंत्रं एकदम ‘मीच पहिला’ म्हणायला लागली की असंच होतं, होतं नव्हतं ते नासतं. म्हणून चाचणी करताना बटण बंद करून भागत नाही — पहिल्याची वायर भिंतीतून उपटायची. आज मी माझीच उपटलीय. सकाळपासून आत गेलेलो नाही. तिने हाका मारल्या, मी तोंडात टॉवेल धरून बसलो.

आठ दिवसच ना, म्हणता. हो, आठ दिवस कामासाठी बाहेरगावी, असंच सांगितलं होतं मी तुम्हाला. बाहेरगाव कसलं ताई. छातीत गाठ आहे. परवा काढणार. हा खोकला त्याचाच. डॉक्टर म्हणाले, बरं व्हायची शक्यता चांगली आहे. आमच्याकडे कुणी ‘शक्यता चांगली आहे’ म्हणालं तर मी त्याला खोलीबाहेर काढतो. त्यांना काय सांगणार, मान हलवली. मूलबाळ नाही आम्हाला, भाऊ आहे, त्याला त्याचंच ओझं पेलत नाही. म्हणून माणूस मध्येच बदलू नका, एवढंच मागणं आहे. आठाचे पंधरा झाले तरी. किंवा मी — असं नका बघू माझ्याकडे, मला सोसत नाही ते.

आणि एक सांगू? चाचणी फसावी असं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. आज वाटतंय. तिने तोंड मिटावं, त्याने बाहेर येऊन मान हलवावी, आणि मी वाटी घेऊन आत जावं. मग पुढे काय? काही नाही. मलाही माहीत नाही. ऑपरेशन पुढे ढकलायचं तर तेही ढकलून झालंय. हिला एकटी टाकायची नाही आणि हिच्यापाशी राहताही येत नाही, आता सांगा, यात जोड कशाला द्यायची?

थांबा. आली हाक. ‘अहो.’ ऐकलंत? — बरं झालं हात धरलात माझा, निघणारच होतं तोंडातून. सवय हो.

‘आहे’ म्हणाला तो. जरा जाडच आवाज आहे नाही त्याचा? माझ्यासारखा नाही. तिला कळेल बघा. आता परत विचारेल ती, बघा तुम्ही. परत विचारते ती, पटलं नाही की.

चमचा वाजतोय.

काय रे, झालं? वाटी बघू. मऊ भात सगळा? पाणीही प्यायली? — बरं. बरं झालं. छान केलंस. जा, बस तिच्यापाशी.

मग ठरलं ताई, हाच माणूस. आजपासूनच राहू दे. तुम्ही निघा आता, उशीर होईल तुम्हाला. नाही, रडत नाहीये, खोकला दाबलाय. दार हळू ओढून घ्या, कडी वाजवू नका. — नाही हो, ती हाक मला नव्हे. तो आहे ना.