गळ्यातलं लाल कार्ड

समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय विमलाताई, कामगार चळवळीतले माझे जुने सहकारी पिराजीराव, वकील संघटनेचे पदाधिकारी, आणि शिफ्ट सुटल्यावर घरी न जाता तशाच इथे आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

आधीच्या वक्त्यांनी मला रणरागिणी म्हटलं, वाघीण म्हटलं. ऐकताना मला प्रश्न पडला, ही बाई कोण? मी तर लेबर कोर्टाचा जिना चढताना हल्ली मध्ये एकदा थांबते. वकिली का सोडता, असं सगळे विचारतात. तत्त्वाचं काही कारण नाही. दमले आहे, इतकंच. आणि ऐन मे महिन्यात ही शाल पांघरून उभं केल्याबद्दल संयोजकांवर दावा लावता येतो का, ते क्रांती बघेल. क्रांती म्हणजे माझी ज्युनिअर. उद्यापासून ऑफिस तिचं.

माझ्या कामाविषयी बोला, असा आग्रह झाला. कामाविषयी काय बोलायचं? मी मोनाविषयी बोलते.

मोना गडमुडशिंगीची. एकोणीस वर्षांची होती तेव्हा. इथल्याच एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायची. त्या कारखान्यात मशीनच्या अख्ख्या रांगेला एकच लाल कार्ड होतं. संडासला जायचं, तर सुपरवायझरकडून ते मागून घ्यायचं आणि गळ्यात अडकवून सगळ्यांसमोरून चालत जायचं. एक मुलगी परत आली की मग दुसरी. पाळीच्या दिवसांतही तेच. मुलींनी यावर उपाय शोधला होता. त्या पाणीच प्यायच्या नाहीत. अशाच एका उन्हाळ्यात मोना मशीनवर कोसळली. लघवीच्या जागी संसर्ग झालाय, असं डॉक्टर म्हणाले. बरी होऊन कामावर आली, तेव्हा तिने कार्ड गळ्यात घालायला नकार दिला. तिला काढून टाकलं, आणि ती माझ्याकडे आली.

मी आधी संघटनेकडे गेले. पिराजीराव, तुम्ही समोर आहात म्हणूनच सांगते, तुमच्या पाठीमागे सांगितलं असतं तर ती चहाडी झाली असती. तुम्ही म्हणालात, बोनसचा प्रश्न ऐरणीवर आहे, हा बायकांचा विषय सवडीने घेऊ. तुमच्यावर राग नाही माझा. बायकांचे विषय सवडीनेच घ्यायचे असतात, असं तुम्हाला एकट्याला थोडंच वाटत होतं?

नंतर मोनाचे वडील, गुंडूराव, ऑफिसात आले. भला माणूस. खुर्ची दिली तरी बसेनात. म्हणाले, "बाई, नोकरी जाऊ द्या. पर पोरीचं लगीन व्हायचं हाय. असल्या गोष्टीपायी तिचं नाव कोर्टात नगं." त्यांचं भय खोटं नव्हतं. मोना माझ्या शेजारीच बसली होती, तीच बोलली. आपण गप्प बसलो तर मागून येणाऱ्या पोरीसुद्धा तहानलेल्याच राहतील, एवढंच तिने वडिलांना सांगितलं. ते चप्पल घालून निघून गेले. पण साक्षीच्या दिवशी कोर्टात सगळ्यात मागच्या बाकावर येऊन बसले.

त्या दिवशी कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत मोनाला विचारलं, तुम्ही दिवसातून किती वेळा संडासला जात होता? कोर्टात हशा पिकला. पुरुषच सगळे. मी हरकत घ्यायला उठले, तोवर मोना वकिलांकडे वळली होती.

"साहेब, मगाशी जेवणाच्या सुट्टीत तुम्हीबी जाऊन आलासा की. तवा तुमच्या गळ्यात काय हुतं?"

हसणं थांबलं. न्यायाधीशांनी प्रश्न आणि उत्तर दोन्ही लिहून घेतलं. कंपनीच्या वकिलांनी पुढे फार काही विचारलं नाही.

निकाल लागायला मात्र चार वर्षं गेली. कार्ड बंद करा, मोनाला कामावर परत घ्या, असा हुकूम झाला. तोवर ती जयसिंगपूरला नांदायला गेली होती, कडेवर लेक होती. सासरचे म्हणाले, आता कशाला? तरी ती आली. एक शिफ्ट काम केलं आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला. मी चिडले, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं कशासाठी भांडलो आपण, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "बाई, पोटभर पाणी प्याले, उठले, जाऊन आले. कुणालाबी न इचारता. मला तेवढंच पायजे हुतं."

आपण जिंकलो की हरलो, हे मला त्या दिवशी कळलं नाही. अजूनही नीटसं कळलेलं नाही.

गेल्या महिन्यात नेसरीची एक मुलगी ऑफिसात आली. कारखाना वेगळा. तिथे कार्ड नाही, संडासाच्या दारावर अंगठा लावायचं यंत्र आहे. जास्त वेळ लागला की पगार कापतात. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, पुन्हा पहिल्यापासून? माझ्याच्याने होणार नाही, असं मी तिला सरळ सांगितलं. तिने मान हलवली आणि उठायला लागली. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून क्रांती म्हणाली, "बस की. माझ्याकडं सांग." त्या दोघी तासभर बोलत होत्या. मी चहा केला. एवढंच केलं मी.

आता थांबते. संयोजकांचे, विमलाताईंचे, आणि निमूट ऐकून घेतल्याबद्दल पिराजीरावांचे आभार. बोलताना कुणाला लागलं असेल, तर वयाकडे बघून सोडून द्या. आणि या फुलांच्या, समईच्या व्यासपीठावरून मी संडास हा शब्द इतक्या वेळा उच्चारला, तो कुणाला खटकला असेल, तर तेवढं पोटात घाला. मोनाला तो भर कोर्टात, बापासमोर ऐकून घ्यावा लागला होता.

नमस्कार.