दिव्यावरचा डाग

नकली? अहो, नकली म्हणता? बसा आधी. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — इकडे बसा. लोरेदाना, माझी लेक, म्हणाली जुन्या वस्तूंचे मोठे जाणकार येतायत, दिवा बघायला. म्हणते, "आई, तू आता माझ्याकडे राहायला येणार, माझ्या दोन खोल्यांत हा ताडमाड दिवा कुठं ठेवू? विकूनच टाकू." बरं, म्हटलं. आणि तुम्ही काय, दारातूनच — पितळ फार चकचकीत, साठ वर्षांचं वाटत नाही, दांडाही मापात बसत नाही. ठेवा ती मोजपट्टी खिशात! नाहीच बसणार मापात. माझे एर्मिनियो लेथवर पितळ कातायचे, कारखान्यात. आर्किटेक्टसाहेबांनी ह्या दिव्याच्या कागदावर चार रेघा मारल्या — नाव त्यांचं, फोटो त्यांचा, अख्ख्या मिलानभर मिरवले — पण त्या रेघा उभ्या कुणी केल्या? ह्यांनी. पहिला दांडा केसभर बारीक झाला, साहेबांनी नाक मुरडलं, ह्यांनी तो घरी आणला. संगमरवराचा पाया ट्राममधून, मांडीवर घेऊन! तोच हा. नकली म्हणे.

आणि चकाकतोय, तो लोरेदानाच्या कृपेनं. घासला तिनं. तिला काय कळतंय? हे रोज कामावरून आले की इथं, छातीशी, दांडा धरायचे आणि दिवा खुर्चीपाशी ओढायचे. अडतीस वर्षं नोकरीत, मग पेन्शनीतही, त्याच जागी. हाताच्या घामानं काळा डाग पडला होता — चार बोटं, अंगठा वेगळा. नाताळच्या आधी पाद्रीबाबा घरोघरी आशीर्वाद द्यायला येतात, तेव्हा आमच्या जिन्यावर बायकांची नुसती चढाओढ — कडी-कोयंडे, नळ, सगळं पितळ लखलखलं पाहिजे, नाहीतर समोरची कोल्नागीबाई वर्षभर बोलणार. मी व्हिनेगर, मीठ, मैदा कालवून फडका घेतला की हे ओरडायचे, "एदविजे, दिव्याला हात लावलास तर बघ! साहेबांची सही कागदावर आहे, माझी इथं आहे."

हे ऑक्टोबरात गेले. डिसेंबरात पाद्रीबाबा यायचे होते, लोक म्हणतील, नवरा गेला आणि घराची रया गेली — म्हणून मग… काय? लोरेदानानं घासला म्हणाले मी? हो, म्हणजे — नाही. तिनं नाही. मीच. तासभर घासत बसले. फडका काळा झाला तशी खूश झाले हो मी, किती मळ निघाला म्हणून! आणि तो फडका धुतला. दोनदा धुतला, साबण लावून. कशी बाई मी!

तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथंच धरून उभी राहते. तीन वर्षं झाली. डाग पडतच नाही. माझे हात कोरडे, धुणी-भांडी करून करून लाकूड झालेत — आता ह्यात कुणाला दोष द्यायचा?

अहो, काय करताय? खिडकीपाशी न्यायचाय? उजेडात बघायचाय? — बरोब्बर तिथंच धरलात. त्याचा तोलच तिथं आहे. घाम आलाय तुमच्या हाताला. सोडा. सोडा म्हणते ना! पुसू नका, मी बघते काय करायचं ते. नकली आहे. हो हो, नकलीच, तुमचंच खरं — लोरेदानालाही तसंच सांगा, कवडीच्या मोलाचा नाही म्हणावं, आईकडंच राहू दे. चला, निघा आता. जिन्यात तिसरी पायरी फुटलीय, जपून. आणि दार ओढून घ्या.