कारखान्याला ‘न्हाई’ म्हणायचं न्हाई

...आणि वर मलाच विचारतात, ‘मशीनला एवढ्या खोका कशानं पडल्या हो?’ अहो, कशानं म्हणजे? पान्यानं! आणि एक तर माणसाच्या डोक्यानं, ती कडेची, गोल आहे बघा, ती! तुम्हाला सांगतो, त्या हंगामाच्या आधी आमच्या साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर खोलीत जेवढी हाणामारी झाली तेवढी जत्रेतल्या कुस्तीच्या फडातसुद्धा होत नाही. मी शेजारच्या टाइम ऑफिसात, हजेऱ्या लिहायला. मधे फक्त एक प्लायवूड. सगळं ऐकलंय, निम्मं बघितलंय आणि थोडं अंगावरही घेतलंय!

आणि हाणामारी कुणी करावी? महेंद्रनं! महेंद्र म्हणजे पलूसच्या धोंडिरामचा पोरगा. सांगलीला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि आमच्याकडं टेंपरवारी लागला. दिवाळीत फटाका उडवत नाही, का, तर कुत्री घाबरतात. गरीब माणूस हो! मुंगी आडवी आली तर थांबणारा.

त्याच्या डोक्यावर बसवला होता नानासो. नानासो म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडंट. जुना पैलवान, कान मोडलेले, मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. याची दुरुस्तीची रीत एकच. रेडिओ खरखरला, दे थोबाडीत. जीप चालू होईना, घाल बॉनेटवर बुक्की. टायपिस्टनं चूक केली... जाऊ द्या, त्या टायपिस्टचा जबडा अजून जेवताना वाजतो. आणि वाईट काय, की रेडिओ चालू व्हायचा हो! तिथंच तर नानासो कायमचा बिघडला.

आता मशीन. आमचे चेअरमन तात्याबा साताऱ्याला गेले एका बंद पडलेल्या कंपनीच्या लिलावात खुर्च्या बघायला, आणि घेऊन आले हे धूड. वर्कस्टेशन म्हणतात. आपला साधा कॉम्प्युटर नव्हे हं! परदेशात कुठल्याशा इंजिनिअरांनी पुलांची चित्रं काढून काढून दमवलेला, म्हातारा झालेला, पण जात खानदानी. पडदा एवढा जड, की टेंपोतून उतरवताना हमालाच्या पायावर आला आणि अंगठ्याचं नख गेलं. म्हणजे आल्या आल्या रक्त! मी तेव्हाच म्हणालो, हे काही लक्षण बरं नाही.

चेअरमननी महेंद्रला बोलावलं. ‘म्हेंद्र, हंगामाची पयली उसाची मोळी गव्हाणीत पडंल त्या दिवशी पयल्या गाडीची वजनकाट्याची पावती ह्या मशिनातनं निघाली पायजे. निघाली तर तू कायम. न्हाई निघाली तर...’ आणि नुसतं नानासोकडं बघितलं. नानासोनं बोटं मोडली. कडाकडा!

कायम! अहो, या शब्दासाठी माणसं काय काय करतात! महेंद्र मिरजेला प्रियंकाला बघायला गेला होता. पोरगी पसंत, पोरगा पसंत, पोहे झाले, चहा झाला. पोरीच्या बापानं सहज विचारलं, ‘कायम हायसा न्हवं?’ याची आई, येसूबाई, शेजारीच बसलेली. तिनं याच्या मांडीला असा चिमटा काढला, की रक्त साकळलं. म्हणजे व्हय म्हण की मुडद्या! आणि हा म्हणाला, ‘न्हाई.’ बाप भला माणूस. म्हणाला, ‘मंग कायम झाल्यावर या. साखरपुडा करू.’ पोरगी आत रडली म्हणे. आता बोला!

तर अडचण अशी, की मशीनच्या आत असतं एक कर्नेल. कर्नेल म्हणजे मशीनचा कारभारी समजा. पडदा कुठला, डिस्क कुठली, काट्याची वायर कुठं लागली, सगळं त्यानं बघायचं. पुण्याहून मागवलेल्या सीडीवर तयार कर्नेल होतं, पण ते त्या जातीच्या झाडून सगळ्या मशिनांसाठी बनवलेलं, त्यामुळे इतकं लठ्ठ, की आमच्या म्हाताऱ्याच्या मेमरीत ते बसलं की दुसऱ्याला टेकायला जागा नाही. एक अक्षर दाबायचं, चहा पिऊन यायचं, मग ते पडद्यावर उमटायचं! म्हणून आपल्यापुरतं सडपातळ कर्नेल तयार करायचं. ते कसं? तर मशीन प्रश्न विचारतं. तुमच्याकडं अमुक आहे का? असलं तर वाय दाबा, नसलं तर एन. तमुक आहे का? वाय का एन? शेकड्यानं प्रश्न! आणि मधेच एक चुकला तर मागं जायची सोय नाही, पुन्हा पहिल्यापासून. अहो, पोलीस चौकीत बरं. तिथं दोन कानाखाली देतात आणि सोडतात तरी!

महेंद्र बसला. टेप आहे का? एन. आवाजाचं कार्ड आहे का? एन. दुसरा प्रोसेसर आहे का? एन. बाजूला नानासो, तोंडात पानाचा तोबरा, बघतोय.

‘ते एन म्हंजी काय रं?’

‘न्हाई, नानासो.’

‘काय न्हाई?’

‘आपल्याकडं न्हाई.’

फाडकन हातावर फटका! ‘आपल्याकडं न्हाई? कारखान्याकडं न्हाई? आरं, सरकारी साहेब ईवून विचारतोय तवा आपुन कदी न्हाई म्हनलाय का? शेततळं हाय का? हाय. गोबर गॅस हाय का? हाय. बालवाडी हाय का? हाय, पोरं जेवाय गेल्यात! न्हाई म्हनलं की अब्रू जाती आन् अनुदान बी जातं. वाय दाब!’

आणि खोटं कशाला बोला, आमच्याकडं रीतच ती. विचारणाऱ्याच्या तोंडावर नाही म्हणायचंच नाही. आधी व्हय म्हणायचं, मग बघू!

महेंद्र कळवळून म्हणाला, ‘आवं, पर ह्ये मशीन सोताबद्दलच विचारतंय...’

‘मंग त्येला बी जरा बरं वाटू दे की!’ असं म्हणून नानासोनं त्याला मानेला धरून खुर्चीतून उचलला, कोपऱ्यात ठेवला आणि स्वतः बसला. बोटानं नाही हो दाबत! बुक्कीनं! टेप हाय का? दणका! वाय! दुसरा प्रोसेसर? दणका! वाय! अंगठ्याएवढं ते बटण, त्याला असं बडवलं, की टेबलावरची दौत उडी मारून माझ्या बाजूला आली. महेंद्र कोपऱ्यात उभा. गरीब माणूस हो!

मग ते कर्नेल तयार व्हायला सकाळपासून संध्याकाळ. म्हातारं मशीन, धापा टाकत काम करतंय, त्यात लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी झालं एकदाचं. चेअरमन आले, संचालक आले, मशीन चालू केलं... आणि पडद्यावर चारदोन ओळी येऊन एकच शब्द उभा. पॅनिक!

‘काय म्हंतंय?’ चेअरमन.

‘घाबरलंय, साहेब,’ महेंद्र म्हणाला.

‘घाबरलंय? आमच्या कारखान्यात ईवून? कुनाला?’

सगळ्यांनी नानासोकडं बघितलं. नानासोला वाटलं, दुरुस्ती कर म्हणतायत. बाह्या सारल्या आणि ठेवून दिली मशीनच्या कानशिलात! आता अर्थिंग होतं का नीट? नव्हतं! ‘आयो’ करून तो पैलवानगडी मागं जो उडाला, तो लोखंडी कपाटाचं दार मोडून आत! कपाटातनं आवाज आला, ‘पयली कुस्ती त्येची...’ आणि बाहेर आला तो हातात पाना घेऊन! चार संचालक दोन पायांना लोंबकळले, तरी त्यानं ओढत ओढत जाऊन तीन-चार घाव घातलेच. त्या वरच्या खोका त्या! आतलं वाचलं हे त्या गोऱ्या इंजिनिअरांचं पुण्य.

महेंद्रनं पुन्हा सुरुवात केली. दाराला कडी लावली. नानासोनं दारच लाथेनं पाडलं. महेंद्रनं हात जोडले, पाया पडला, म्हणाला, ‘नानासो, माजं लगीन हाय वो ह्यात, मला न्हाई म्हनू द्या.’ नानासोला दया आली. अहो, आली खरंच! म्हणाला, ‘बरं, म्हन.’ बिचारा बसला. पाठ मोडेपर्यंत उत्तरं दिली, एक एक बघून, मशीन उघडून आतल्या चिपांवरची नावं वाचून. शेवटाला आला, आणि जरा लघवीला म्हणून बाहेर गेला. परत येऊन बघतो, तर खुर्चीत नानासो! आणि राहिलेल्या सगळ्या प्रश्नांना... दणका! वाय! दणका! वाय!

‘तू दमला असशील म्हनून म्या हातभार लावला,’ म्हणतोय हसत!

तुम्हाला सांगतो, महेंद्र नुसता जवळ आला. गरीब माणूस हो! त्यानं शांतपणे कीबोर्डची वायर काढली. कीबोर्ड दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला, लाकूड फोडायला कुऱ्हाड नेतात तसा, आणि घातला नानासोच्या टाळक्यात! मधोमध! नानासोनं आधी नवल केलं. मग उठला. मग जी काय जुंपली! नानासोनं धोबीपछाड मारली, महेंद्र छताचा पंखा शिवून प्लायवूडमधून माझ्या टेबलावर! माझा चहा, माझा चष्मा, सगळं खलास! ‘सोडा हो, सोडा,’ म्हणत मी मधे गेलो, तर नानासोची चपराक मला! महेंद्रनं पुन्हा भोकातून आत उडी घेतली आणि नानासोच्या मोडक्या कानाचा असा चावा घेतला, की आवारात बांधलेले बैल दचकले. नानासो बोंबलतोय, ‘आरं सोड, आरं कुत्र्यागत काय चावतोस, आरं हा नेम न्हाई कुस्तीचा!’ शेवटी महेंद्रनं त्याचं डोकं धरून मशीनच्या कडेवर ठाणकन आपटलं. ती गोल खोक ती!

आणि मग काय केलं त्यानं? दातांतून रक्त, शर्ट फाटलेला, पण कीबोर्ड जवळ घेतला, स्क्रू ड्रायव्हर घातला आणि वायचं बटण कडकन उपटून काढलं. मुळासकट! खिडकीतनं फेकलं ते बाहेर मळीच्या टाकीत! बुडुक!

म्हणाला, ‘आता दाबा.’

नानासो त्या भोकाकडं बघत बसला हो. असा पैलवान, डोळ्यांत पाणी! ‘आरं, मंग आता व्हय कसं म्हनायचं?’ आणि महेंद्र बसला पुन्हा पहिल्यापासून. लागायच्या दोन-चार गोष्टींना काडेपेटीची काडी भोकात खुपसून वाय, बाकी सगळं एन, एन, एन. कुणाची हिंमत झाली नाही आत जायची. तिकडं उडालेला माझा फुटका चष्मासुद्धा मी दुसऱ्या दिवशी आणला.

आणि चाललं! मोळीच्या दिवशी हार, नारळ, सनई, पहिली बैलगाडी काट्यावर आली, मशीन घोड्यासारखं पळालं आणि खर्रकन पावती बाहेर! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तर भरून आलं. येसूबाई लांब कडुनिंबाखाली पदर तोंडाला लावून उभी होती. कधी एकदा मिरजेला निरोप धाडते असं झालेलं तिला.

चेअरमननी पाठीवर हात ठेवून विचारलं, ‘ह्ये केलंस तरी काय?’

‘लागत न्हाई ते समदं काडलं, साहेब. हाय तेवडंच ठेवलं. नसल्यालं हाय म्हनलं की मशीन मरतंय.’

चेअरमन त्या वाक्यावर खूश! भाषणात वापरलं, घरी सांगितलं, जिल्ह्याच्या बैठकीत सांगितलं. आणि मग संचालक मंडळाची मीटिंग लावली. विषय, महेंद्रला कायम करणे. महेंद्र नवा शर्ट घालून उभा. नानासो बाजूला, कानाला पट्टी. मी मिटिंगचं लिहायला कोपऱ्यात.

चेअरमन म्हणाले, ‘म्हेंद्र, तूच आमास्नी शिकिवलंस. लागत न्हाई ते काडायचं, नसल्यालं हाय म्हनायचं न्हाई. आता तूच खरं सांग. मशीन आपलं आपन चालाय लागलंय. आता त्येच्याजवळ रोज तुज्यासारका शिकल्याला मानूस लागतोय का रं?’

मी कोपऱ्यातून डोळे मोठे केले, मान हलवली, पेन आपटलं. अरे म्हण, बाबा! एकदा म्हण! अख्ख्या जिल्ह्यात कोण खरं बोलतंय? बालवाडीतली पोरं अजून जेवायलाच गेलीत! महेंद्रनं मशीनकडं बघितलं. घाम पुसला. मला वाटलं, आता म्हणतोय...

‘न्हाई,’ म्हणाला.

काय करावं अशा माणसाचं? मारावं का? मीच उठून मारणार होतो हो, आईशप्पत! मिरजेची पोरगी पुढच्या महिन्यात कुंडलला दिली. महेंद्र सांगलीला कुठंतरी क्लासमधे शिकवतो म्हणतात.

आणि त्याच मिटिंगमधे, माझी शाई वाळायच्या आत, चेअरमन वळले नानासोकडं. ‘मंग ह्ये मशीन तुला चालवाय येतंय का रं?’

नानासोनं कानाची पट्टी सावरली, छाती काढली आणि म्हणाला, ‘व्हय!’

झाला की हो कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख.