अंधारातली वही

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घातल्यामुळे तिला शेजारच्या बाकावरच्या दोघांचे चेहरे दिसत नव्हते. ऐकू मात्र सगळं येत होतं. त्यांतली म्हातारी एका वहीतलं कागदावर उतरवून घेत होती.

"मावशी, ह्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्यात की हो!"

"अंधारात लिहिलंय ना. पडद्यावरची नजर न काढता लिहितात हे. चाळीस वर्षं मीच उतरवून काढते. दुसऱ्या कुणाला हे अक्षर लागत नाही."

"म्हणजे रविवारी सिनेमावर लिहितात, ते तुमचे...? अहो, त्यांचं वाचल्याशिवाय आमच्या घरातलं कुणी थिएटरची पायरी चढत नाही!"

"आत त्यांचाच मोतीबिंदू काढताहेत. लेख आजच द्यायचाय."

"शेवटी काय म्हटलंय? सांगा तरी."

"'पडदा मला धूसर दिसला, म्हणून छायाचित्रणाविषयी मी काही म्हणत नाही.'"

"हे गाळा हो मावशी! लोक हसतील. संपादक दुसरा माणूस बघतील."

"बघू देत."

"पण तुमच्याशिवाय हे वाचता येतंय कुणाला? त्यांनी असं लिहिलं होतं, हे कळणारसुद्धा नाही."

"म्हणून तर वही माझ्या हातात देतात."

नवा कागद घेतल्याची सळसळ झाली, मग पेन पुन्हा चालू लागलं.

"गाळलंत ना?"

"ह्यांच्या लेखाला आज पहिल्यांदाच हात लावला. शेवटचं वाक्य होतं, ते सगळ्यांत वर घेतलं."