एकच 'बस', दोन पोरी

आधी ते दार उघडा. नमस्कार मागून करते.

माझी नात स्वरदा आणि तिची मैत्रीण अदीबा, दोघींना बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवून ठेवलंय. का, तर म्हणे कार्यक्रमात गडबड नको. अहो, ज्या बाईंना निरोप द्यायला आपण जमलोत, त्यांनी ज्या दोन पोरींपायी सगळ्या शाळेशी वाकडं घेतलं, त्या पोरी बाहेर, आणि ज्यांना बाईंचं आडनाव विचारून घ्यावं लागलं ते पाहुणे पहिल्या रांगेत? ही कुठली रीत? दार उघडा म्हणते ना.

हां. या गं. स्वरदा, तू ती दाराजवळची खुर्ची घे. उठावंसं वाटलं तर उठ, चक्कर मारून ये, कुणी काही म्हणणार नाही. अदीबा, तू तुझ्या दादीजवळ बस, त्या स्पीकरपासून लांब. आणि माईकवाले भाऊ, आवाज जरा कमी करा. ती कानात बोटं घालते ते तुमचा अपमान करायला नाही.

आता रीतीनं. आजच्या सभेचे अध्यक्ष आणि संस्थेचे सचिव सोमनाथराव, आपल्या सत्कारमूर्ती मुख्याध्यापिका मंजुषाबाई, सोमवारपासून त्यांच्या खुर्चीवर येणारे राजकुमार सर, व्यासपीठावरचे बाकी मान्यवर, शिक्षक मंडळी, पालक, आणि सकाळपासून खुर्च्या मांडून आता भिंतीला टेकलेले शिपाईमामा, सगळ्यांना माझा नमस्कार. नजमाआपा, तुम्हाला सलाम.

मी साळूबाई. पुंडलिकनगरात राहते. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळ्यात बंद. पालकांतर्फे मला बोलायला उभं केलंय. निवेदन करणाऱ्या बाईंनी कानात सांगितलं, "आजी, चार गोड शब्द बोला." गोड मला डॉक्टरनं बंद केलंय.

खरं म्हणजे नजमाआपा बोलणार होत्या. अदीबा त्यांची नात. त्या उस्मानपुऱ्याच्या, मी पुंडलिकनगरची, पोरी सोडायला येऊन येऊन शाळेच्या फाटकावर ओळख झाली. पण त्या म्हणाल्या, "साळूबाई, तुमीच बोलो. मेरेकू मराठी आती, पर गुस्से में उर्दू निकलती. फिर लोगां बोलते, झगडा करतीं." मी म्हटलं, माझा राग मराठीतच निघतो, तेवढाच फरक.

तर रागाचं कारण सांगते, म्हणजे मी काय बोलतेय ते सगळ्यांना कळेल. परवा राजकुमार सरांनी आम्हा दोघींना बोलावून घेतलं. म्हणाले, सोमवारपासून स्वरदा आणि अदीबा सहावीच्या वर्गात बसणार नाहीत. भांडाराशेजारची छोटी खोली आहे ना, जिथं मोडके बाक ठेवतात, ती साफ करून देतो. दोघींना तिथं एकत्र बसवू, एक वेगळी शिक्षिका देऊ. मी विचारलं, एकत्र का? सर म्हणाले, "आजी, दोघींची केस सारखीच आहे."

सारखीच! बरं, सर शिकलेले आहेत, मी वाद घातला नाही. इथं घालते.

स्वरदाच्या कागदावर डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय एडीएचडी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, टीव्हीचा नवा प्रकार असंल. अदीबाच्या जुन्या कागदावर लिहिलंय अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम. नजमाआपा त्याला अजून 'अस्पताल सिंड्रोम' म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ते नाव आता नव्यानं कुणी लिहीत नाही, त्याला ऑटिझममध्येच धरतात, आपण मराठीत स्वमग्नता म्हणतो ते. नाव बदललं म्हणून लेकरू थोडंच बदलतं? ते तसंच, तिथंच उभं असतं.

आता सरांचीही अगदीच चूक नाही. लांबून बघाल तर दोघी बहिणी वाटतील. हाक मारा, दोघी बघत नाहीत. तुम्ही बोलत असाल तर दोघी मधेच तोडतात. आवडीच्या कामात बुडाल्या की भुकेची शुद्ध नाही. गर्दीत दोघी बिथरतात. खेळात दोघींना कुणी घेत नाही. डॉक्टरीणबाई तर असंही म्हणाल्या की एकाच लेकरात हे दोन्ही असू शकतं, म्हणून घाई न करता नीट बघावं लागतं. सर, त्या 'नीट बघावं' म्हणाल्या. 'एका खोलीत घालावं' असं म्हणाल्या नाहीत.

दिवाळीआधी आम्ही दोघी या दोघींना घेऊन शहागंजात गणवेशाचं कापड घ्यायला गेलो होतो. स्वरदानं दुकानात पाय ठेवला तोच कापडाची तीन थानं ओढली, भाव विचारला, आणि उत्तर यायच्या आत फुगेवाल्यामागं पसार. परत आली ती एक चप्पल घालून. अदीबा मात्र एकाच थानापुढं उभी. दुकानदार कौतुकानं म्हणाला, "बघ बेटा, एक नंबर माल आहे." झालं. पोरीनं सगळं थान उलगडलं.

"अगं, काय शोधते?"

"नंबर. एक नंबर कुठं लिहिलाय?"

दुकानदार हसला. ती हसली नाही. म्हणाली, "नंबर नाही तर तुम्ही खोटं बोललात." गिऱ्हाइकं बघायला लागली, दुकानदार तापला. "काय पोरी आहेत! दोघींनाही वळण नाही." तेव्हा नजमाआपा म्हणाल्या, "भाईसाब, एक का ध्यान उड गया, दुसरी का ध्यान चिपक गया. तुम्हारेकू दोनों एकच दिखते तो चष्मा बदलो." कापड आम्ही समोरच्या दुकानातून घेतलं.

उडालेलं ध्यान आणि चिकटलेलं ध्यान. डॉक्टरांच्या पुस्तकात याहून पुष्कळ लिहिलेलं असंल. फाटकावर उभं राहणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना एवढ्यावर काम भागतं.

आता मंजुषाबाई. बाई, तुमचा सत्कार आहे म्हणून तुमची चूक मी झाकणार नाही, कारण तुमचा खरा मोठेपणा तिथनंच सुरू होतो.

गॅदरिंगची गोष्ट. शुक्रवारी गॅदरिंग होतं... काय गं अदीबा? शनिवारी? बरं, शनिवारी. बघा, मधे तोडलं ना तिनं? पण बरोबर तोडलं. तर शनिवारी गॅदरिंगमध्ये अदीबाला 'माझा आवडता विषय' यावर थोडं बोलायचं होतं. तिचा आवडता विषय कुलपं. दाराची, तिजोरीची, सायकलची, निजामाच्या काळातली, कुठली म्हणाल ती. ती बोलायला लागली ती थांबेचना. पुढं नाच होता, पोरी नटून खोळंबलेल्या, प्रमुख पाहुणे घड्याळ बघतायत. बाई पडद्याआडून म्हणाल्या, "बस, अदीबा, बस!"

अदीबा बसली. तिथंच, स्टेजच्या मधोमध, मांडी घालून. आणि बसल्या बसल्या कुलपांचं पुढं चालू.

हॉल हसून हसून लोळला. बाईंना वाटलं, पोरगी आपली मस्करी करतेय. लगेच सोमवारपासून तिचं खेळाच्या तासाला मैदानात जाणं बंद.

त्याच आठवड्यात माझ्या स्वरदालाही शिक्षा झाली होती. तिचंही कारण तेच, 'बस'. वर्गात तिला म्हटलं बस, ती बसली, आणि बाक गरम व्हायच्या आत उठून खिडकीशी. पुन्हा बस, पुन्हा खिडकी. दोघींच्या नावापुढं शेरा एकच पडला, 'सांगितलेलं ऐकत नाही.'

नजमाआपा बाईंच्या केबिनमध्ये गेल्या, मी मागं. आपा म्हणाल्या, "बाई, आपने बोले बस, बच्ची बैठ गई. सजा कायकू?"

बाई म्हणाल्या, "अहो, बस म्हणजे पुरे असं म्हणत होते मी."

"बस म्हणजे पुरे, हे आमच्या घरात. शाळेत बस म्हणजे खाली बस. तुमीच तो सिखाए, शाळेत मराठी."

आपल्या या शहरात निम्मी भाषा इकडची, निम्मी तिकडची, सगळे दोन्ही मिसळून बोलतो आणि कुणाचं काही अडत नाही. अदीबाचं अडतं. तिनं घराची भाषा घरात ठेवली आणि शाळेची शाळेत. शाळेत बाईंनी घरातला 'बस' काढला, ही तिची चूक कशी?

मग बाई माझ्याकडं वळल्या. "आणि साळूबाई, तुमची स्वरदा? तिला तर बसचा अर्थ चांगला कळतो."

म्हटलं, "कळतो की. बसते पण. पण बसल्यावर बसून राहायचं, हे तिच्या पायांना कोण सांगणार? अदीबानं तुमचा शब्द धरला तो सोडला नाही. माझीच्या हातातून तो तेवढ्यात निसटला. दोघींनीही ऐकलं होतं, बाई."

आमच्याइतकं शिकलेल्या बायकांकडून एवढं ऐकून घेणारी मुख्याध्यापिका मी दुसरी पाहिली नाही. बाईंनी चहा मागवला आणि त्याच दिवशी शिक्षा मागं घेतली, वर्गापुढं येऊन, "माझं चुकलं" म्हणून.

आणि नुसतं म्हणून थांबल्या नाहीत. अदीबाशी सगळ्यांनी पूर्ण वाक्य बोलायचं ठरलं. 'बस' नाही, 'अदीबा, आता बोलणं थांबव आणि जागेवर जा.' तास बदलणार असंल तर तिला आदल्या दिवशी सांगायचं. स्वरदाला आदल्या दिवशी सांगून काय उपयोग, तिच्या डोक्यात ते रात्रभर थोडंच टिकतंय? तिला ऐन वेळी सांगायचं, एका वेळी एकच काम, आणि सांगण्याआधी खांद्यावर हात ठेवायचा. तोच हात अदीबाच्या खांद्यावर ठेवायचा नाही. एकीला हात लावला की ती जागेवर येते, दुसरीला लावला की ती जागेवरून जाते. स्वरदाला शेवटच्या बाकामागं उभं राहून लिहायची मुभा. फळा पुसायचं, पाणी आणायचं काम तिचंच. अदीबाची जागा ठरलेली, भिंतीकडची, ती कुणी बदलायची नाही.

काही सर-मॅडम कुरकुरले. एकीनं विचारलं, "मॅडम, दोन मुलींसाठी दोन कायदे?"

बाई म्हणाल्या, "मुली दोन आहेत, म्हणून दोन."

यापरता बाईंचा गौरव मला करता येत नाही. शाल-श्रीफळ सोमनाथराव देतीलच.

स्वरदा बाहेर गेली, बघू नका तिकडं, येईल. सोमनाथराव, तुम्ही ती चिठ्ठी पाठवताय ना, कष्ट घेऊ नका. चष्मा मी घरी ठेवून आलेय, मुद्दाम. आवरतेच आहे.

राजकुमार सर, त्या खोलीचं बोलू. माझी नात बाकावर बोटं वाजवल्याशिवाय गणित सोडवत नाही. गुणगुणते, पाय हलवते, तिचं डोकंच त्यावर चालतं. अदीबाला बारीक टकटक सुद्धा कानात खिळा ठोकल्यासारखी लागते. या दोघींना तुम्ही एका छोट्या खोलीत घालणार. महिनाभरात एक रडंल, एक पळंल. मग तुम्ही म्हणणार, बघा, या पोरी शाळेत चालतच नाहीत. आणि दाखला हातात.

"पण त्या मैत्रिणी आहेत ना?" असं परवा तुम्ही म्हणालात. व्हय, आहेत. मैदानात. तिथं अदीबा उभी राहून कुलपांचं सांगते, स्वरदा तिच्याभोवती फेऱ्या मारत जमेल तेवढं ऐकते. त्यांच्यात मोकळी जागा आहे म्हणून मैत्री आहे. ती जागा काढून घेऊ नका.

"बाकीच्या मुलांचं नुकसान होतं," हेही म्हणालात. कुठलं नुकसान? फळा पुसलेला असतो, माठ भरलेला असतो, आणि परवा प्रयोगशाळेचं कुलूप अडकलं तेव्हा तुम्ही कुणाला बोलावलं होतं? जाऊ द्या, तेही सोडा. पोरगी कुणाच्या कामाला आली तरच वर्गात बसू द्यायची, असं काही आहे का? काहीच कामाची नसती तरी तिची जागा वर्गातच असती. आम्ही इथं दया मागायला उभ्या नाही. आम्हाला कीव नको, वेगळी खोली नको, 'बिचाऱ्या' तर अजिबात नको. स्वरदाला स्वरदाची वागणूक पाहिजे, अदीबाला अदीबाची, आणि दोघींना सहावीचा वर्ग. बाईंनी हे करून दाखवलंय. जमत नाही म्हणायची सोय आता कुणाला उरली नाही.

मंजुषाबाई, तुम्ही आता घरी आराम करा असं मी म्हणणार नाही, तुम्हाला तो जमायचा नाही. तब्येतीला जपा. आम्हा दोघींच्या घरचं दार तुम्हाला उघडं आहे. आजच्या पाहुण्यांचे, शिपाईमामांचे, आवाज कमी करणाऱ्या भाऊंचे मी आभार मानते. कुणाचं नाव राहिलं असंल, बोलण्यात कुठं मान राहिला नसंल, तर म्हातारीचं पोटात घाला. मात्र ज्यांना लागावं म्हणून बोलले, त्यांची माफी मी मागत नाही.

आता रीतीप्रमाणं सत्कारमूर्ती सत्काराला उत्तर देतात. बाई, तुम्ही उठू नका. इतकी वर्षं आमच्या पोरींवरच्या प्रत्येक प्रश्नाला तुम्हीच उत्तर दिलंत, आज तुमची सुटी. सोमनाथराव, 'संस्था विचार करील' हे तुम्हीही म्हणायचं नाही. प्रश्न एवढाच आहे, सोमवारी सकाळी या दोघी कुठं बसणार? हा घ्या माईक, राजकुमार सर. उत्तर तुम्ही द्यायचं. आत्ता, उभं राहून, आणि माझ्याकडं नाही, त्या दोघींकडं बघून.