रिकाम्या खिळ्यासमोर

(ग्वाल्हेर, नोव्हेंबर १९५६. कॉलेजातला नाटकाचा वर्ग.)

रघुनाथराव : चहा नंतर. आधी सांगा, या मुलाला माझ्या मागावर कोणी लावलंय? भोपाळहून पत्र आलंय?

वनमालाबाई : पत्र कसलं? मी इथे नाटक शिकवते. वही मी दिली, माणूस त्याने निवडला.

रघुनाथराव : नाटक शिकवता तर तालीम घ्या ना. आठ दिवस हा आमच्या दफ्तराच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. संध्याकाळी नई सडकेपर्यंत मागे मागे.

वनमालाबाई : हे नवं नाटक आहे. पडदा नाही, पाठ करायला संवाद नाहीत. एक माणूस नीट पाहायचा आणि न बोलता तसंच करून दाखवायचं.

रघुनाथराव : मध्यभारत राज्य एक तारखेला मोडलं, दफ्तर भोपाळला चाललं. कोणाला न्यायचं, कोणाला घरी बसवायचं, याची यादी याच आठवड्यात बनतेय. अन् याच आठवड्यात तुम्हाला नवं नाटक सुचलं.

दौलतसिंह : काका, यादीचं मला काहीच मालूम नाही. सच में.

रघुनाथराव : तुझा मामा सचिवालयात आहे. ते तर मालूम आहे?

दौलतसिंह : आहेत. पण मी नाटक करतो हे त्यांना कळलं, तर घरात घेणार नाहीत.

रघुनाथराव : वही दे इकडे. “छत्री डाव्या हातात. कपाटाला कुलूप लावतात, परत येऊन ओढून बघतात.” बरं. “मग कोणी नाही असं पाहून, भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यासमोर...” बाई, हे पान मला हवं.

वनमालाबाई : काय आहे त्यात?

रघुनाथराव : तुम्ही वाचलं नाही म्हणता?

वनमालाबाई : मी वह्या वाचत नाही. मुलं करून दाखवतात ते बघते.

दौलतसिंह : तिथे महाराजांची तसवीर होती ना, बाई. एक तारखेला उतरवली. काका जाताना रोज त्या खिळ्याला मुजरा करतात.

रघुनाथराव : हळू बोल. एकतीस वर्षं केला, हात आपोआप जातो. हा अजून जुन्या दरबारचाच माणूस आहे असं वर कोणी कळवलं, तर यादीत राहीन का मी? नोकरीची चार वर्षं उरलीत. भीती वाटते, बाई.

वनमालाबाई : दौलतसिंह, पान फाडून दे त्यांना.

दौलतसिंह : घ्या, काका. पण मग मी करू काय? छत्री, कुलूप तर कोणीही करेल. मुजऱ्याच्या वेळी तुम्ही वेगळेच दिसता. मी घरी करून पाहिला, जमत नाही.

रघुनाथराव : घरी? कोणासमोर?

दौलतसिंह : आरशासमोर, दार लावून. असा.

रघुनाथराव : माशी हाकलतोयस का? तुझे आजोबा पलटणीत होते ना?

दौलतसिंह : ते गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. कोणी शिकवलंच नाही.

वनमालाबाई : राहू दे, दौलत. दुसरा माणूस शोध.

रघुनाथराव : थांबा. आधी पाय जुळव. नजर खाली. आता कमरेतून वाकून हात... बाई, ती खिडकी जरा लावून घ्या.